हायरमच्या तीन बायका

तिकिटं फाडता फाडता व्हर्ना व्हॉसबर्गच्या कानावर आलं, की तिच्या नवऱ्याच्या तीन बायका झाल्या होत्या.

"पहिली बाळंतपणात गेली," नवरा खड्या आवाजात सांगत होता. "दुसरी तापाने. तिसरी, लुसिंडा, ती मात्र मला पुरून उरली. तिच्या आळशीपणापुढे माझ्या गिरणीचं चाकसुद्धा हात टेकायचं!"

लोक खदखदून हसले. व्हर्नाच्या हातातलं तिकीट अर्धंच फाटलं आणि समोरची बाई ते तसंच घेऊन आत गेली.

आवाज अर्थातच तिच्या नवऱ्याचा नव्हता. हायरमला जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि जिवंतपणी तो एका दमात इतकी वाक्यं कधी बोललाही नव्हता. आवाज होता ड्वाइट पेन्रोजचा. ड्वाइट निवृत्तीनंतर ऑल्बनीहून क्विन्बीत राहायला आलेला, आणि आमच्या इतिहास मंडळात सगळ्यात हौशी माणूस तोच. मूळच्या गावकऱ्यांना गावाच्या इतिहासाचं फारसं पडलेलं नसतं. त्यातली निम्मी भांडणं त्यांच्या घरात अजून चालू असतात. इतिहासाचं वेड लागतं ते बाहेरून आलेल्यांना.

ड्वाइट कुणाचं सोंग घेऊन उभा आहे हे व्हर्नाला माहीत होतं. तिच्या नवऱ्याचा पणजोबा, तोही हायरम व्हॉसबर्गच. गावातली पहिली पिठाची गिरणी त्याची. व्हॉसबर्गांच्या घरात नावांची फार काटकसर, एकच नाव चार पिढ्या पुरवून वापरतात. तीन बायका ह्या पणजोबाच्या. तिथवर सगळं ठीक होतं. ठीक नव्हतं ते एवढंच, की ड्वाइट पणजोबाच्या थडग्यापाशी उभा नव्हता. तो तिच्या हायरमच्या दगडावर उभा होता.

निदान तिला तरी तसं वाटत होतं. आणि हल्ली स्वतःच्या वाटण्यावर भरवसा ठेवायची तिला चोरी झाली होती.

झालं होतं असं. हिवाळ्यात एकदा तिची किटली चुलीवर राहिली आणि तळ जळून घरभर धूर झाला. शेजारणीने आग विझवणाऱ्यांना बोलावलं ते बोलावलं, वर फिनिक्सला तिच्या लेकीला, कोरीनला, फोनही केला. मग वसंतात जावयाला वाढदिवसाचं कार्ड दोनदा गेलं. दोन्ही कार्डांवर मजकूर तोच, शब्दाचाही फरक नाही. बुधवारी कोरीन विमानाने येऊन दाखल झाली ती वृद्धांच्या एका संकुलाची गुळगुळीत चित्रं घेऊन. "तिथे बर्फ पडत नाही आई, आणि पोहायचा तलाव आहे," ती म्हणाली. व्हर्नाला पोहता येत नव्हतं. सोमवारी कोरीन परत जायची, आणि त्याआधी ठरायचं होतं की मिल रोडवरचं घर विकायचं का ठेवायचं. असं कुणी तोंडाने म्हटलं नव्हतं. पण बुधवारपासून पोरगी हळूच विचारत होती, "आज काय वार गं? मी तर विसरूनच गेले." आपली परीक्षा चाललीय हे न कळण्याइतकी व्हर्ना अजून गेलेली नव्हती.

म्हणून आज तिने एकच निश्चय केला होता. जत्रेत शहाण्यासारखं वागायचं, तमाशा करायचा नाही. कोरीनने पाहावं, की आई चारचौघांत धड आहे, गावात तिला मान आहे, तिच्यावाचून कामं अडतात.

तसं बघितलं तर काम अडलंच नव्हतं, आणि हे शल्य वेगळं. स्ट्रॉबेरीच्या जत्रेत शॉर्टकेकची बिस्किटं व्हर्ना वर्षानुवर्षं करत आली. मागच्या जूनमध्ये त्यात मीठ दोनदा पडलं. क्विन्बीचे लोक सभ्य. त्यांनी वर भरपूर साय घालून ती खाल्ली आणि कुणी काही बोललं नाही. ह्या वर्षी मंडळाची अध्यक्षीण लोइस टॅलमॅज तिला म्हणाली, "व्हर्ना, तुझ्यासाठी बसून करायचं काम ठेवलंय. कब्रस्तानाच्या फाटकावर. खुर्ची आहे, सावली आहे, राणीसारखी बस." राणीसारखी बस म्हणजे स्वयंपाकघराच्या तंबूत पाऊल टाकू नकोस, हे लोइसही जाणून होती आणि व्हर्नाही.

जत्रा दरवर्षी जुन्या शाळेचं छप्पर दुरुस्त करायला भरते. त्या शाळेत मंडळाचं संग्रहालय आहे. छप्पर दरवर्षी दुरुस्त होतं आणि दरवर्षी गळतं, आणि गळलं नाही तर जत्रा कशाच्या नावाने भरवायची, असं काही वाकडी तोंडं विचारतात. कोंबडी भाजायची फायर कंपनीने, म्हणजे गावच्या आग विझवणाऱ्यांनी, 'पाय', म्हणजे फळं भरून भाजलेल्या गोड पोळ्या, विकायच्या चर्चच्या बायकांनी, आणि शाळेमागच्या कब्रस्तानात 'बोलकी थडगी'. गावातले जिवंत लोक जुने कपडे चढवून मेलेल्यांच्या दगडाशेजारी उभे राहतात आणि 'मी अमुक, मी असा मेलो' म्हणून कहाणी सांगतात. त्यात एक नियम लोइसने फार कडक केलेला आहे. कुंपणाच्या आत असेपर्यंत मेलेल्याने आपलं सोंग सोडायचं नाही, काही झालं तरी. कारण एका वर्षी घटसर्पाने मेलेल्या बाईने सगळ्यांदेखत मोबाईलवर नवऱ्याला दूध आणायला सांगितलं होतं.

व्हर्नाने मान उंचावून परत एकदा पाहिलं. ड्वाइट पिठाच्या पोत्यावर एक पाय ठेवून उभा होता. पोतं कशावर ठेवलंय ते तिथून दिसत नव्हतं. तिच्या हायरमचा दगड जमिनीसरसा, सपाट. त्याच्यावर नुसतं नाव, तारखा नाहीत. 'माझी जन्मतारीख वाचून कुणाला काय करायचंय? दगडवाला अक्षरागणिक पैसे घेतो,' असं हायरम मरायच्या आधीच सांगून गेला होता. शेजारी मेपलचं झाड होतं, खूण म्हणून तेवढं पुरायचं. पण मागच्या बर्फाच्या वादळात ते मोडलं आणि पालिकेने बुंधासुद्धा काढून टाकला. आता तिथे नुसतं गवत. त्यात आज जिकडेतिकडे आकड्यांचे झेंडे, दोरखंड, टोप्या घातलेल्या बायका. रोजचं ओळखीचं कब्रस्तान ओळखू येईना. ही रांग तीच का पलीकडची? कुंपणापासून तिसरी का चौथी? तिचं तिलाच कळेना.

तिच्याकडे आणखी एक खूण होती. हायरमपाशी उभं राहिलं, की चर्चचा कळस गिरणीच्या छपराच्या बरोबर वर दिसतो. दर रविवारी ती ते पाहायची. तिने ठरवलं, गुपचूप जायचं, कळस पाहायचा, आणि परत येऊन खुर्चीत बसायचं. कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

कोरीन पायच्या लिलावापाशी उभी होती, पाठमोरी. व्हर्ना उठली.

ड्वाइटजवळ जाऊन तिने गिरणीच्या दिशेने पाहिलं. कळस नव्हता. गिरणीही नव्हती. फायर कंपनीने आपल्या गाडीची शिडी आकाशात चढवून तिला अंगणाएवढा राष्ट्रध्वज बांधला होता, आणि तो नेमका मधे फडफडत होता. व्हर्ना दोन पावलं डावीकडे सरकली. झेंडा. उजवीकडे सरकली. परत झेंडा. देशाबद्दल तिला आदर होता, पण त्या घटकेला तिला त्या झेंड्याचा मनस्वी राग आला.

"या बाई, या!" ड्वाइट म्हणाला. "दळण आणलंत का?"

"ड्वाइट," ती हलक्या आवाजात म्हणाली, "पोतं जरा बाजूला घे रे. खालचा दगड बघायचाय."

"ड्वाइट? कोण ड्वाइट?" त्याने डोळे मोठे केले. "मी हायरम व्हॉसबर्ग. ह्या गावात ड्वाइट नावाचा इसम मी पाहिला नाही."

"सोंग पुरे झालं. तू माझ्या नवऱ्यावर उभा आहेस."

घोळक्यातल्या लोकांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. एक जाडा गृहस्थ ओरडला, "ही तिसरी वाटतं! लुसिंडा!" टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढला.

"लुसिंडा," ड्वाइटच्या डोळ्यांत एकदम मऊपणा आला, पण आवाज तोच मिश्कील राहिला, "मी मेल्यावर तरी मला सुखाने उभा राहू दे की गं."

त्याचा तो मऊपणा व्हर्नाला जास्त झोंबला. तिला ती नजर ओळखीची झाली होती. लोइस बघते तशी, औषधांच्या दुकानातला माणूस बघतो तशी. तिने खाली वाकून पोत्याला हात घातला. पोत्यात खरं पीठ होतं. आमचा ड्वाइट कोणतंही काम अर्धवट करत नाही. पोतं तसूभर हललं नाही. लोक आणखी हसले.

"दळणाची घाई करू नका बाई, नंबर लागेल तुमचा!" ड्वाइट म्हणाला.

"मेल्या, तुला लाज नाही वाटत?" व्हर्ना ओरडली. "तो कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. आयुष्यात एकच बायको केली त्याने, ती मी! आणि तू त्याच्या उरावर उभा राहून लोकांना हसवतोस?"

आता मात्र हसणं थांबलं. लोक एकमेकांकडे पाहू लागले. खेळ आहे का नाही, हेच त्यांना कळेना. एका बाईने आपल्या नातवंडाला जवळ ओढलं. आणि त्या गर्दीच्या मागे, हातात रुबार्ब पाय घेऊन, कोरीन उभी होती.

सगळा दिवस जे होऊ नये म्हणून जपलं, ते व्हर्नाने स्वतःच्या तोंडाने, गावासमोर करून दाखवलं होतं.

"आई," कोरीन पुढे आली. तिने पायची ताटली कुणाच्या तरी हातात दिली आणि आईचा दंड धरला. "चल. चल आपण जरा बसू या."

"बाबांचा दगड आहे तो. पोत्याखाली."

"आई."

"अगं, मी दर रविवारी येते इथे!"

"बाबा तिकडे आहेत." कोरीनने बोट दाखवलं. कब्रस्तानाच्या वरच्या कोपऱ्यात एक मोठं मेपलचं झाड होतं. "झाडाखाली. मला चांगलं आठवतंय, पुरताना आपण सगळे सावलीत उभे होतो. इथे कुठे आहे झाड?"

"होतं. ते मोडलं."

"बरं," कोरीन म्हणाली. लहान मुलाला म्हणतात तसलं ते 'बरं' होतं. "बरं, चल, बघून येऊ."

व्हर्नाने मागे वळून पाहिलं. ड्वाइटने टोपी काढून छातीशी धरली होती. काही बोलावं का गप्प राहावं, नियम पाळावा का मोडावा, ह्या पेचात त्याचा चेहरा बापुडवाणा झाला होता. झेंडा फडफडत होता. इथे झाड होतं ना? होतंच. का ते चर्चच्या अंगणातलं? वादळात किती झाडं पडली, पालिकेची माणसं आठवडाभर आरे चालवत होती. त्यातलं नेमकं हेच पडलं, असं आपल्याला कुणी सांगितलं होतं का आपण पाहिलं होतं? तिने आठवायचा प्रयत्न केला तसं ते आणखीच दूर गेलं. ड्वाइटला वाटतं मी चुकले. कोरीनला खात्री आहे. इतक्या माणसांत आपणच तेवढ्या बरोबर असू, असं कसं होईल? ती लेकीच्या हाताला धरून निमूट चालू लागली. पोटच्या पोरीने हाताला धरून न्यावं आणि आपण कुठे चाललोय हे आपल्याला नक्की ठाऊक नसावं, ह्यापेक्षा दुसरी भीती नाही. ती भीती त्या चढावर तिला अंगभर जाणवली.

मेपलभोवती पिवळा दोर बांधलेला होता. कोरीनने तो उचलून आईला खालून आत घेतलं. मुळांपाशी वुडचक ह्या घुशीसारख्या प्राण्याने हे एवढं बीळ पोखरलं होतं, आणि त्याच्या कडेला एक जुना उभा दगड किंचित कलला होता. दगडाला शेवाळ आणि दगडफूल धरलेलं. वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'हायरम' एवढं मात्र स्पष्ट वाचता येत होतं.

"बघ," कोरीन म्हणाली. "हे बघ."

व्हर्नाने पाहिलं, आणि तिच्या डोक्यातला सगळा गुंता एका क्षणात सुटला. हा पणजोबा. हा दगड तिने नवी नवरी असताना पाहिला होता. सासूने ब्रश देऊन घासायला लावला होता. ह्याच्या मागच्या बाजूला तिन्ही बायकांची नावं एकाखाली एक आहेत. ड्वाइट खरं तर इथे उभा राहायला हवा होता. बिळात कुणाचा पाय मुरगळेल म्हणून दोर बांधला असणार, आणि ड्वाइटने आपलं पोतं उचलून दुसरा हायरम शोधला असणार. नाव तेच, तारीख नाही, मग त्याला काय कळणार? त्याने तिच्या हायरमला कधी पाहिलंच नव्हतं.

म्हणजे ती बरोबर होती! पहिल्यापासून बरोबर होती. तिला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. आता नुसतं तोंड उघडायचं होतं. 'कोरीन, मागच्या बाजूने वाच.' बस. पोरीची खात्री तिच्या तोंडावर पडली असती, आणि संकुलाची चित्रं सोमवारी विमानातून परत गेली असती.

तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात कोरीन त्या दगडासमोर मटकन खाली बसली.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, मला काही सुचत नाही हो."

व्हर्नाने तोंड मिटलं.

"तिला एकटं ठेवलं तर मी तिकडे झोपू शकत नाही. फोन वाजला की माझ्या काळजाचं पाणी होतं. न्यावं म्हटलं तर ती तिथे वर्षभर जगायची नाही, मला माहितीये ते. तुम्हाला काय वाटतं सांगा ना. मी तिच्याशी बोलायला जाते आणि माझ्या तोंडून भलतंच काहीतरी निघतं. तलाव काय, बर्फ काय. मला म्हणायचं असतं दुसरंच." तिने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "मला म्हणायचं असतं, की मला भीती वाटते. ती मला विसरेल म्हणून. मी एकदा फोन करीन आणि ती विचारील, कोण बोलतंय?"

बुधवारपासून व्हर्ना समजत होती, पोरीला घर काढून टाकायची घाई झालीय. तिने तसं मनात धरून दोन रात्री कुढून काढल्या होत्या. आणि पोरगी ही अशी, एका तीन बायकांच्या परक्या म्हाताऱ्यापुढे रडत होती. आता सांगावं तरी कसं? न सांगावं तरी कसं? दगडाला धरून रडणाऱ्या माणसाला 'हा तो नव्हे' असं कुठल्या तोंडाने सांगतात? व्हर्ना जिथल्या तिथे उभी राहिली. जिंकल्याचा आनंद कधीच निघून गेला होता.

"अगं ए! बाहेर व्हा त्या दोरातून!"

लोइस टॅलमॅज चढावर धापा टाकत येत होती. कोपरापर्यंत स्ट्रॉबेरीचा रस, हातात सायीचा डाव तसाच. कुणीतरी तिला तंबूतून बोलावून आणलं होतं. "बीळ आहे तिथे! विमावाल्याने मला सतरांदा बजावलंय! आणि हा ड्वाइट तिकडे कुठे तडमडलाय? त्याला म्हटलं बिळापासून लांब उभा राहा. लांब म्हणजे ह्या दगडाच्या अलीकडे! हा आपला उठून थेट..." तिने खाली ड्वाइटच्या दिशेने पाहिलं आणि ती थबकली. मग तिने व्हर्नाकडे पाहिलं. "अगो बाई. तो आपल्या हायरमवर उभा आहे."

"हो," व्हर्ना म्हणाली.

"सकाळपासून?"

"हो."

"आणि तू सांगितलंस त्याला?"

"सांगितलं."

लोइसचा चेहरा रसापेक्षा लाल झाला. काही बोलायला तिला शब्द सापडेनात, आणि ही गोष्ट गावात क्वचितच घडते. "मी त्याला दुसऱ्यांदा पुरते," एवढं म्हणून ती डाव उगारून उतारावरून निघाली.

कोरीन अजून खालीच बसलेली होती. तिने नखाने दगडावरचं शेवाळ खरवडलं. खालून सनाचे एक आणि आठ निघाले, पुढचे आकडे झिजलेले. ती बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिली. मग तिने वर मान केली.

"हे बाबा नाहीत."

"नाहीत."

"तुला माहीत होतं. मी बोलत होते तेव्हा माहीत होतं तुला."

"वर आल्या आल्या कळलं. त्याआधी नव्हतं. त्याआधी मी पार गोंधळले होते."

"मग थांबवलं का नाहीस मला? मी मूर्खासारखी... माझ्या बापाचा दगड मला ओळखू आला नाही. ड्वाइट तिथे बोलत होता तेव्हा मी मागे उभी राहून हसले, आई. दोनदा हसले. आणि वर तुलाच..."

"तू बोलत होतीस," व्हर्ना म्हणाली. "फोनवर हवापाणी सोडून तू माझ्याशी कधी एवढं बोलली नाहीस. मला पुढचं ऐकायचं होतं."

ती हळूच गुडघे टेकून लेकीशेजारी गवतात बसली. बसताना गुडघे कुरकुरले. खाली लोइसचा आवाज चढला होता आणि ड्वाइट एवढं पोतं छातीशी कवटाळून कुठे ठेवू कुठे नको असा हिंडत होता. लोकांना ते सगळं फारच आवडलेलं दिसत होतं.

"घराचं मी काही बोलणार नाही आता," कोरीन म्हणाली. "मला बोलायचं तोंडच राहिलं नाही. तू ठीक आहेस. माझंच चुकलं."

झालं. हेच तर व्हर्नाला हवं होतं. मिल रोडचं घर, स्वयंपाकघरातली पूर्वेची खिडकी, रविवारची फेरी. फक्त गप्प बसायचं होतं. पोरगी सोमवारी विमानात बसली असती आणि पुढच्या जूनपर्यंत कुणी विचारलं नसतं.

"मंगळवारी," व्हर्ना म्हणाली, "तू यायच्या आदल्या दिवशी, मी किराणा घेऊन परत येत होते. धान्याच्या कोठाराच्या चौकात गाडी उभी केली. 'थांबा'च्या पाटीला थांबतात तशी. आणि मग मला कळेना, कुठे वळायचं."

कोरीनने तिच्याकडे पाहिलं.

"सगळं दिसत होतं. कोठार, पोस्ट, सगळं. पण आपलं घर कुठल्या बाजूला, तेच येईना. साठ वर्षं त्याच चौकातून जातेय मी. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, पुढे झाला, आणि मी आपली त्याच्या मागोमाग गेले. दुसरं काय करणार? तो ड्वाइट होता. त्याच्या अंगणात जाऊन पोचले."

"मग?"

"त्याने कॉफी दिली. विचारलं काही नाही. मग स्वतःची गाडी पुढे घालून मला घरापर्यंत सोडलं. चांगला माणूस आहे तो. म्हणून आज मी त्याला सांगायला लागले, तर त्याला वाटलं हिचं परत तसंच झालं." तिने गवताची एक काडी उपटली. "त्याला तरी काय बोलणार? मलाही तसंच वाटलं."

कोरीनने तिच्या हातातली ती काडी काढून घेतली आणि तिचा हात धरला.

"मलाही भीती वाटते गं," व्हर्ना म्हणाली. "आज माझं बरोबर निघालं. उद्याचं मला सांगता येत नाही. सोमवारी जा, नको जाऊस, मला ने, नको नेऊस, ते आपण बोलू. पण जे बोलायचं ते माझ्याशी बोल. मी आहे तोवर."

खाली फायर कंपनीची माणसं शिडी उतरवायला लागली. कोंबडी संपली होती. कोरीन उठली, तिने कपड्यांची माती झटकली आणि आईला दोन्ही हात देऊन उभं केलं.

"चल," ती म्हणाली. "तो चौक दाखव मला."

"आत्ता?"

"आत्ता. गाडी मी चालवते. रस्ता तू सांग. चुकलीस तर चुकू आपण."

गाडीत बसल्यावर व्हर्नाने पट्टा लावला आणि काचेतून समोर पाहिलं. जत्रेतल्या गाड्या, माणसं, तंबू, सगळं एकात एक मिसळलं होतं. कोरीनने किल्ली फिरवली नाही, घाई केली नाही, एक शब्दही सुचवला नाही.

"डावीकडे," व्हर्ना म्हणाली. "मला वाटतं डावीकडे."

कोरीनने गाडी डावीकडे वळवली.